शालनबाईंचा पुण्याचा फ्लॅट

फ्लॅट, स्क्वेअर फूट, लोकेशन असले शब्द कुणी काढले की माझं डोकं उठतं. लग्नात, बारशात, इतकंच काय, मयतीहून परतताना रिक्षातसुद्धा माणसं हेच बोलतात. त्यामुळे शालन कुरणे या माझ्या मैत्रीण, एस. टी. मधून नुकत्याच निवृत्त झालेल्या कंडक्टर, एक दिवस माझ्या घरी येऊन "म्याडम, पुण्यात फ्लॅट घ्यायचा म्हणतो, भाड्यानं द्यायला," असं म्हणाल्या तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला.

"तुम्ही पण?" मी म्हणाले. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, तेव्हा बाहेरच्या वाचकांनी दचकू नये.

"मी पण म्हणजे? मला काय झालंय?" असं म्हणून त्यांनी बशीत चहा ओतला.

शिरोळच्या एका शाळेत मी एकोणीस वर्षं गणित शिकवलं. त्यातली अकरा वर्षं सकाळच्या कोल्हापूर-शिरोळ गाडीने गेले आणि त्या गाडीवर शालनबाई कंडक्टर होत्या. साडीवर खाकी कोट, काखेत तिकिटांचं मशीन आणि आवाज असा की मागच्या बाकावर पेंगणारा माणूस न सांगता सुट्टे पैसे काढायचा. आमच्या भागात शेजारी कुणी बसलं की "कुठलं पावणं?" हा पहिला प्रश्न आणि "आडनाव काय म्हणायचं?" हा दुसरा. शालनबाई मात्र माणसाला एकच प्रश्न विचारायच्या, "कुठं?" एकदा एका पागोटेवाल्या आजोबांनी तिकीट घेता घेता त्यांनाच विचारलं, "बाई, तुमचं आडनाव काय?" शालनबाई म्हणाल्या, "माझं आडनाव तिकिटावर छापत न्हाईत. कुठं उतरणार तेवढं सांगा." सगळी गाडी हसली, मीही हसले. हा त्यांचा फटकळपणा असं मला वाटायचं. माझं आडनाव ऐकून आजवर कुणी तोंड फिरवलं नव्हतं, म्हणून मला तसं वाटायचं, हे कळायला पुढं बरीच वर्षं जावी लागली.

नोकरीची शेवटची आठ वर्षं त्यांनी कोल्हापूर-पुणे गाडीवर काढली आणि फ्लॅटचं खूळ तिथंच डोक्यात शिरलं. खूळ म्हणते खरी, पण त्यामागचा हिशोब ऐकून गणिताच्या बाई असूनही मी गप्प झाले. जून-जुलैत गाडी भरून पोरं-पोरी पुण्याला जायची. कोण कुठं उतरतंय यावर शालनबाईंची नजर असायचीच, ते कामच होतं. पण त्या उतरणाऱ्याच्या हातात काय आहे तेही बघायच्या.

"बॅग घेऊन उतरणारा पावणा आसतोय म्याडम," त्या म्हणाल्या. "बादली घेऊन उतरणारा ऱ्हायला आलेला आसतोय. पैल्या वर्षी नवले पुलावर माझ्या गाडीतनं चार बादल्या उतरल्या. शेवटच्या वर्षी येका म्हैन्यात येकोणचाळीस. तितं घरं लागणार का न्हाय लागणार?"

पेपरातल्या पानभर जाहिराती एकीकडे आणि एकोणचाळीस बादल्या एकीकडे. मला बादल्या पटल्या. नवले पुलाच्या जवळ नऱ्ह्यात एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली, हॉल आणि स्वयंपाकघर असा फ्लॅट त्यांनी हेरला. इंग्रजी कागद वाचायला मला बरोबर घेतलं. आम्ही तीनदा गेलो. जिन्यात दिवा लागतो का, गाडीच्या थांब्यापासून चालत किती मिनिटं, शेजारच्या इमारतीत भाडं किती, सगळं त्यांनी विचारलं. वॉचमनला तंबाखू देऊन बिल्डरची माहितीसुद्धा काढली. पाण्याचं तेवढं विचारलं नाही, कारण चोवीस तास पाणी असं रंगीत पत्रकात ठळक छापलं होतं आणि त्याच्याखाली धबधब्याचा फोटो होता.

त्यांचे यजमान कृष्णात हे पाट्या रंगवणारे पेंटर, दोघं कोल्हापूरजवळच्या मुडशिंगीत राहतात. आता सगळीकडे छापील फ्लेक्स आल्यापासून ते बहुतेक घरीच असतात. त्यांना हा प्रकार अजिबात समजेना. "आपण ऱ्हाणार मुडशिंगीत, घर पुण्यात, आत माणूस तिसराच. मग घर कुणाचं?" असं ते मला दोनदा विचारून गेले. तरी व्यवहार झाल्यावर त्यांनी सागवानाच्या फळीवर दारासाठी एक नावाची पाटी केली. निळ्या जमिनीवर पांढऱ्या अक्षरांत 'सौ. शालन कृष्णात कुरणे'. चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं रंगवणाऱ्या माणसाने आपल्या घरासाठी काढलेली ती पहिली पाटी, आणि अक्षर असं घोटलं होतं की बघत राहावं.

फ्लॅट घेतल्याचं मात्र कुणाला सांगायचं नाही अशी मला ताकीद होती. "पुण्यात घर हाय म्हणून कळलं की भावकीतलं समदं परीक्षेला तितंच," त्या म्हणाल्या. "कुणाचा इंटरव्ह्यू, कुणाचं बाळंतपण. भाडं ऱ्हायलं बाजूला, धर्मशाळा व्हईल." ते खरंच होतं. आमच्याकडे पाहुण्याला दारातून परत पाठवता येत नाही. त्यावर उपाय एकच, दाराचा पत्ता सांगायचा नाही. त्यामुळे कृष्णात, मी आणि एक पृथ्वीराज सोडला तर कुणालाही काही माहीत नव्हतं.

पृथ्वीराज हा मुडशिंगीचाच पोरगा, पुण्यात भाड्याने घरं लावून द्यायचं काम करतो. वय अठ्ठावीस-एकोणतीस, बोलायला गोड, रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवणारा. पुण्यातल्या कोल्हापूरकरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात कुणी घर विचारलं की याचा नंबर येतो. बिल्डरने दुसऱ्या दोन एजंटांची नावं दिली होती. शालनबाईंनी ती कागदासकट तिथंच ठेवली. "आपला माणूस आसताना परका कशाला?" पुण्यात आपल्या गावचा माणूस भेटला की आम्ही कोल्हापूरकर निम्मी अक्कल त्याच्या हवाली करतो. मी पण केली. तो सज्जन आहे का हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही. मुडशिंगीचा आहे म्हटल्यावर विषय संपला.

त्याला किल्ली देताना शालनबाईंनी एकच गोष्ट बजावली होती, आणि ती माझ्यासमोर. "घर बघायला येणाऱ्याला नाव-गाव, जात-धर्म काय विचारायचं न्हाय. घर स्वच्छ ठेवणार का आन भाडं येळंवर देणार का, बास. नाव करार करताना लागंल तवा लिवायचं."

"व्हय काकी," पृथ्वीराज म्हणाला.

त्या दिवशी परतताना साताऱ्याच्या पुढं त्यांनी मला त्याचं कारण सांगितलं. दोन हजार सालाच्या आसपास नोकरी लागली तेव्हा कृष्णात आणि त्या शिरोळ तालुक्यातलं गाव सोडून कोल्हापुरात आले. खोली हवी होती. सोळा दिवस फिरले. खोली आवडायची, मालकांनाही सरकारी नोकरी ऐकून बरं वाटायचं, मग प्रश्न यायचा, पूर्ण नाव काय? कुरणे म्हटल्यावर, मग गाव कुठलं, गावात घर कुठल्या बाजूला? आणि मग कुणाचा पुतण्या राहायला येणार असायचा, कुणाला अचानक रंगकाम काढायचं असायचं. एका घरात तर बाईंनी चहा ठेवला होता. नाव ऐकल्यावर तो गॅस बंद केलेला आवाज शालनबाईंनी बाहेरच्या खोलीत ऐकला होता.

"तोंडावर न्हाय म्हटलं आसतं तर भांडलो आसतो," त्या म्हणाल्या. "गॅसबरोबर कोण भांडणार?"

सतराव्या दिवशी मंगळवार पेठेत सुलतानबी भेटल्या. त्यांचा मुलगा निसार खाली शिवणकाम करायचा, एस. टी. च्या माणसांचे खाकी कपडे शिवायचा. शालनबाई कोट शिवायला टाकायला गेल्या होत्या आणि तिथंच बोलताना खोलीचा विषय निघाला. वर माळ्यावर एक खोली होती. सुलतानबी काही देवमाणूस वगैरे नव्हत्या. कडक, फाटक्या तोंडाची बाई. जिन्यात चपला दिसल्या तर गल्लीत फेकायच्या. पण खोली देताना त्यांनी विचारलं ते इतकंच, "पाणी फाटंचं चारला येतंय. उठणार काय?"

"माझी पैली गाडी पाचची हाय," शालनबाई म्हणाल्या.

"मग झालं," असं म्हणून सुलतानबींनी कमरेची किल्ली काढून दिली. नाव त्यांना तिसऱ्या का चौथ्या दिवशी कळलं, तेही खालून हाक मारायला काहीतरी हवं म्हणून. त्या खोलीत कुरणे कुटुंब नऊ वर्षं राहिलं. निसारची मुलगी अफसाना तेव्हा रांगती होती, ती शालनबाईंच्या तिकिटाच्या पेटीशी खेळत मोठी झाली. सुलतानबी आता नाहीत. त्यांच्या मयतीला शालनबाईंनी ड्यूटी बुडवली होती, आणि पंचवीस वर्षांत त्यांनी एवढी एकच ड्यूटी बुडवली.

"माझं सोताचं घर झालं की मी कुणाला नावावरनं परत पाठवणार न्हाय, हे तवाच ठरलंय," शालनबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. मग मला उमजलं की फ्लॅटमागं बादल्यांचा हिशोब होता तसा हाही होता.

पहिलं वर्ष बरं गेलं. भाडेकरू म्हणून इंजिनिअरिंगची तीन पोरं आली. शालनबाई त्यांचा कारभार मुडशिंगीतून चालवायच्या, आणि तो कसा, तर एस. टी. च्या ड्रायव्हरांकरवी. गीझरची नवी तोटी हवी, तर सकाळच्या गाडीतून ड्रायव्हर नेऊन नवले पुलावर उतरवायचा आणि पोरांपैकी एक जण झोपेतून उठून घ्यायला यायचा. एका किल्लीने तर चार दिवसांत कोल्हापूर-पुणे तीनदा केलं. दिवाळीत भाडेकरूंना दोन किलो गूळ आणि चिवड्याचा डबा गेला. पोरं बिचारी घाबरली आणि भाडं वाढणार का असं विचारायला फोन केला. कृष्णातची पाटीसुद्धा वर्तमानपत्रात गुंडाळून अशीच गेली होती. लावली का, असं विचारलं तर पृथ्वीराज म्हणाला होता, "लावली की काकी, लई भारी दिसतीया."

यंदा मे महिन्यात पोरं शिक्षण संपवून गेली आणि नवा भाडेकरू शोधायचं काम निघालं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शालनबाईंचं ब्लाऊज आणायला आम्ही दोघी निसारभाईंच्या दुकानात गेलो. निसारभाईंनी साठी ओलांडली आहे, पण मशीन अजून स्वतः चालवतात. त्या दिवशी त्यांचं लक्ष शिवणीत नव्हतं. शालनबाईंनी कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, "अफसानाला कात्रजला दवाखान्यात नोकरी लागली, लॅबमधी. पोरगी येकटी बघाय लागल्या घर. बारा घरं झाली. मैत्रिणीच्या खोलीत पाचवी म्हणून झोपत्या."

"मिळंल की," शालनबाई म्हणाल्या.

"परवा मिळालंच व्हतं. नऱ्ह्यात. पोरीला लई आवडलं. एजंट पण आपल्या हितलाच पोरगा, ग्रुपवर नंबर मिळाला तिला. उद्या टोकन दे म्हणाला. मग कागदाला नाव विचारलं." निसारभाईंनी सुईतला दोरा ओवायचा प्रयत्न सोडला. "सांजच्याला फोन आला. मालकीणबाई न्हाय म्हणत्यात, त्यांच्यात तुमचं चालत न्हाय. अफसाना म्हणत्या, अब्बा, ती बाई पण कोल्हापूरचीच हाय म्हणं."

मी शालनबाईंकडे बघितलं नाही. बघवलंच नाही मला.

"पोराचं नाव काय?" शालनबाईंनी विचारलं.

"पृथ्वीराज कायतरी. मुडशिंगीचा."

शालनबाई उठल्या आणि ब्लाऊज न घेता दुकानाबाहेर आल्या. पन्नासेक पावलं चालून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. मी घाईघाईने म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं? पृथ्वीराजला फोन करा, घर अफसानाला दे म्हणा, संपलं. निसारभाईंना हे सांगायची काही गरज नाही. उगीच त्यांना वाईट वाटायचं."

आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. त्यांना वाईट वाटेल हे निमित्त होतं. मला तो प्रसंगच बघायचा नव्हता.

शालनबाई माझ्यावर ओरडल्या. रस्त्यावरची दोन माणसं थांबली, एवढ्या जोरात. "त्यानं माझ्या तोंडानं न्हाय म्हटलंय म्याडम! सुलतानबीच्या नातीला! तोंड माझं हाय. माझं तोंड दोनशे किलोमीटरवर कुणाच्या तरी ताब्यात दिलं आन मी हितं गूळ पाठवत बसलो." आणि त्या रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघत होते. मी नुसती शेजारी बसले.

मग डोळे पुसून त्या परत दुकानात गेल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "निसारभाई, ती मालकीणबाई म्हंजे मी. घर माझं हाय. मी न्हाय म्हटलं न्हवतं, मला इचारलं पण न्हाय. पण माझ्याच नावावर म्हटलंय."

निसारभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता ते चिडतील. ते म्हणाले, "पुण्यात घर घेतलंस आन मला सांगितलं न्हाईस, शालन?"

ते जास्त लागलं त्यांना. शालनबाईंच्याही तेव्हाच ध्यानात आलं. पाहुण्यांच्या भीतीने दाराचा पत्ता लपवला, त्यात हाही माणूस बाहेर राहिला. निसारभाईंना त्यांनी आधीच सांगितलं असतं तर अफसानाला एजंटाचं तोंड बघायची वेळच आली नसती. "चुकलं माझं," एवढंच म्हणाल्या.

निसारभाईंनी अफसानाला फोन लावून शालनबाईंच्या हातात दिला. अफसानाने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मावशी, वाईट वाटून देताय ना? मग नको. मला मेहेरबानीचं घर नको. उद्या सोसायटीत कुणी काय बोललं तर तुम्ही कोल्हापुरात आणि मी तिथं."

"मी उद्या पुण्याला येतो," शालनबाई म्हणाल्या. "तू येऊन मला परीक्षेला बसीव. नापास झालो तर घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नवले पुलावर उतरलो. पृथ्वीराज मोटारसायकल घेऊन हजर. आम्ही चिडून आलोय हे त्याला फोनवरूनच कळलं असावं, कारण तो उसाचा रस पाजायच्या मागे लागला. शालनबाई चालत निघाल्या. तिसऱ्या मजल्यावर आल्यावर आधी त्यांनी दाराकडे बघितलं. दारावर पाटी नव्हती, खिळासुद्धा नव्हता.

पाटी स्वयंपाकघरातल्या माळ्यावर निघाली. वर्तमानपत्राची गुंडाळी, कृष्णातने बांधलेली सुतळीची गाठ, काही सोडलेलं नव्हतं.

"हे काय?" शालनबाईंनी विचारलं.

पृथ्वीराज भिंतीला टेकून उभा होता. पण तो खरं बोलला, हे त्याच्या बाजूने सांगायला पाहिजे. "काकी, राग मानू नका. तुमचं आडनाव मी हितं कुठंच पुढं करत न्हाय. कोल्हापूरची पार्टी हाय, येवढंच सांगतो. हितं लोक इचारत्यात ओ. पाटी बघून चांगला भाडेकरू माघारी गेला आसता म्हंजे? आन त्या पोरीचं पण तसंच. सोसायटीत तरास नको, तुम्हाला कोल्हापूरवरनं सारखं यायला नको. तुमच्या भल्याचंच केलं मी."

त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, हेच वाईट होतं. लबाड असता तर त्याला हाकलून आम्ही मोकळ्या झालो असतो. जी काळजी घेऊन त्याने एका बाईचं नाव माळ्यावर ठेवलं होतं, तीच काळजी घेऊन दुसऱ्या बाईला दारातून परत पाठवलं होतं. आणि दोन्ही गोष्टी त्याला चांगल्याच वाटत होत्या.

मला वाटलं शालनबाई आता घर डोक्यावर घेतील. पण त्यांनी सुतळी सोडली, पाटी पदराने पुसली आणि म्हणाल्या, "पृथ्वी, खाली जाऊन येक खिळा आन. हातोडी कुणाची तरी मागून घे. कुणी इचारलं, काय ठोकताय, तर सांग, नाव."

तो गेला. हातोडीबरोबर सोसायटीचे सेक्रेटरीही वर आले, कारण हातोडी त्यांचीच होती. पृथ्वीराजने आमच्यासमोर स्वतःच्या हाताने खिळा ठोकला. सेक्रेटरींनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. "अच्छा," म्हणाले.

"आन भाडेकरू अफसाना निसार मुजावर," शालनबाई गाडीत थांब्याचं नाव पुकारायच्या त्या आवाजात म्हणाल्या. "तिनं घर पसंत केलं तर. आजून केलं न्हाय."

सेक्रेटरींनी आमच्या दोघींकडे बघितलं, पृथ्वीराजकडे बघितलं, दुचाकी आहे का, असेल तर पार्किंगचे वेगळे, एवढं बोलून हातोडी घेऊन खाली गेले. पुढं ते काय करतील मला माहीत नाही. काही केलंच तर शालनबाई पहिल्या गाडीने येतील, एवढं माहीत आहे.

अफसाना पावणेसहाला ड्यूटीवरून थेट आली. गळ्यात अजून दवाखान्याचं कार्ड होतं. लहानपणी ती नाक फुगवून रुसायची असं शालनबाई सांगायच्या, आताही नाक तसंच फुगलं होतं. दारात थांबून तिने पाटी वाचली आणि आत आली. आत सतरंजीसुद्धा नव्हती, आम्ही जुना पेपर पसरून खाली बसलो होतो. तिने फोनवर कराराचा फॉर्म उघडला आणि खरोखरच परीक्षा घ्यायला लागली.

"न सांगता घरी येणार का?"

"न्हाय. यायचं आसलं तर आदल्या दिवशी फोन करीन."

"माझ्या मैत्रिणी आल्या, अम्मी-अब्बा आठ दिवस राहिले, ईदला मटण शिजलं?"

"मला डबा पाठव. गाडीवाल्याकडं दे."

अफसानाला हसू येत होतं, ते तिने दाबलं. "भाडं?"

"पोरांनी दिलं तेवढंच. येक रुपाया कमी करणार न्हाय. मेहेरबानी नको म्हणालीस न्हवं?"

तिने मान डोलावली आणि फॉर्ममध्ये काहीतरी लिहिलं. मालकाच्या पूर्ण नावाची ओळ आली तेव्हा शालनबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं, खोली शोधत फिरतानाची जुनी सवय असावी. अफसाना अर्धवट उठली, उघड्या दारातून पाटीकडे बघितलं, बघून नाव तसंच्या तसं टाईप केलं आणि पुन्हा खाली बसली.

"पाणी किती वाजता येतं?" तिने विचारलं.

शालनबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पृथ्वीराजकडे. पृथ्वीराज म्हणाला, "चोवीस तास हाय की." शालनबाई उठल्या आणि नळ फिरवला. नळातून नुसती हवा आली. एकोणचाळीस बादल्या मोजून घर घेणाऱ्या मालकीणबाईंना त्या घरात पाणी कधी येतं हे माहीत नव्हतं. त्या घरात त्या एक दिवससुद्धा राहिल्या नव्हत्या, आणि पोरांनी पाण्याची तक्रार कधी केली नव्हती. मला हसू आवरेना. मग त्याही हसायला लागल्या, आणि शेवटी अफसानाही.

"मग बसू या," शालनबाई म्हणाल्या. "आल्याबिगार हालायचं न्हाय."

आम्ही चौघं तिथंच बसून राहिलो. पृथ्वीराज जाऊन शेंगदाणे घेऊन आला, तेही खाल्ले. सहा वाजून दहा मिनिटांनी उघड्या ठेवलेल्या नळाने दोनदा खाकरल्यासारखं केलं, आधी गढूळ पाणी आलं आणि मग स्वच्छ धार लागली. खाली धरायला घरात एक तांब्यासुद्धा नव्हता. शालनबाईंनी ओंजळ धरली, चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं. मग पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि अफसानासमोर उभ्या राहिल्या.

"पाणी सांजचं सहाला येतंय," त्या म्हणाल्या. "घरात आसणार काय?"

"साडेपाचला सुटते मी," अफसाना म्हणाली. "उद्या बादली घेऊनच येते."

"मग झालं," असं म्हणून शालनबाईंनी कमरेची किल्ली काढून तिच्या हातात दिली.